कोंबडीच्या पायांची खरूज बरी होते आणि पुन्हा येते, तेव्हा काय काय तपासायचं

आधी लक्षणं सांगते, म्हणजे आपल्या कोंबडीला हेच झालंय की दुसरंच काही, ते पहिल्या दोन मिनिटांत कळेल.

निरोगी कोंबडीच्या पायावरचे खवले कौलांसारखे एकावर एक चपखल बसलेले असतात. अंगठा फिरवला तर घसरत जातो. खरूज लागली की ही कौलं उचकटतात. माकडं नाचून गेल्यावर आमच्या घराचं छप्पर जसं दिसतं, अगदी तसं. उचललेल्या खवल्याखाली पांढरी-पिवळट भुकटी असते, हाताला पिठासारखी लागते. सुरुवात बहुतेक वेळा बोटांपासून होते आणि मग वर नळीकडे सरकते. पुढे भुकटीची खपली होते, खपलीवर खपली चढते आणि पाय दुप्पट जाड दिसायला लागतो. कोंबडी उभ्या उभ्या पाय झटकते, चोचीने पायच टोचते, दांडीवर उडी मारायला कचरते. दुखणं जुनं झालं की लंगडते, अंडी कमी होतात, बोटं वाकडी होतात. फारच दुर्लक्ष झालं तर बोट गळूनही पडतं.

कडकनाथ असेल तर लवकर कळतं, कारण काळ्या पायावर चुना फासल्यासारखं दिसतं. पिवळ्या पायाच्या गावरान कोंबडीत पहिला महिना सहज निसटतो.

हे करणारा जीव डोळ्यांना दिसत नाही. तो आठ पायांचा सूक्ष्म किडा आहे, माणसाला खरूज देणाऱ्या किड्याचा लांबचा भाऊबंद. शास्त्रीय नाव नेमिडोकॉप्टेस म्यूटन्स. मादी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. ती खवल्याखालच्या कातडीत बोगदा करून राहते आणि तिची पिल्लावळही तिथेच वाढते. एक पिढी पुरी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. हा तीन आठवड्यांचा आकडा लक्षात ठेवा, खालचं बरंचसं त्यावरच उभं आहे. माणसाला हा किडा लागत नाही, तेव्हा कोंबडी हातात धरायला घाबरू नका. नंतर हात धुवा म्हणजे झालं.

मी कुडाळ बाजूला राहते. घरच्या पंचवीस-तीस कोंबड्या आहेत आणि वाडीतल्या निम्म्या कोंबड्यांचे पाय माझ्या मांडीवर येऊन गेलेत. बहुतेकांची तक्रार एकच: "गेल्या वर्षी बरी केली होती, परत झाली." परत झालेली नसते. गेलेलीच नसते. जी लंगडत होती तिला औषध लागलं आणि जिच्यामुळे लागण झाली ती शेजारी दांडीवर निवांत बसलेली होती.

पाय ओला करून बघा

एका तांब्यात पाणी आणि फडकं, एवढंच लागतं. पावसाळ्यात पायावर चिखल आणि शिट वाळून असा थर बसतो की मीही एकदा फसले आहे. पाय भिजवून पुसा. चिखल निघून जातो, खपली निघत नाही.

आता वय आठवा. तीन-चार वर्षांच्या कोंबड्याचे खवले मुळातच जाड आणि खडबडीत होतात. ते जाड असले तरी खाली चिकटलेले असतात, त्यांच्याखाली भुकटी नसते. म्हाताऱ्या कोंबड्याला उगाच तेल चोपडून लोक थकतात.

तळपायही उलटा करून बघा. मधोमध काळा डाग आणि घट्ट गाठ असेल तर तो वेगळा रोग आहे. जखमेतून जंतू शिरून पू धरलेला असतो. त्यावर खरजेचा उपाय करून काही होत नाही. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या असतील तर कोंबड्यांचा देवी हा रोग असण्याची शक्यता जास्त. आणि पाय स्वच्छ, खवले चपखल, तरी कोंबडी एक पाय पुढे एक मागे टाकून पडली असेल, तर पायाकडे बघणं सोडा. ते नसांचं दुखणं आहे, डॉक्टरांना दाखवा.

रात्री टॉर्च घेऊन सगळ्यांचे पाय तपासा

लोक नेमकं हेच टाळतात. दिवसा पंचवीस कोंबड्यांमागे धावण्यापेक्षा रात्री आठनंतर खुराड्यात जा. सगळ्या एका ओळीत बसलेल्या असतात. टॉर्च समोरून मारू नका, बाजूने तिरका धरा. उचललेल्या खवल्यांच्या सावल्या पडतात आणि आजारी पाय चटकन ओळखू येतो. ज्या संशयित वाटतील त्यांच्या पायाला रंगीत दोरा सैल बांधा, म्हणजे सकाळी पुन्हा शोधायला नको.

ह्याने काय साधतं? हा किडा उडत नाही, लांब चालत नाही. पायाला पाय लागून आणि एकाच दांडीवर रात्रभर बसून तो पसरतो. म्हणून दांडीवर आजारी कोंबडीच्या डाव्या-उजव्या बाजूला कोण बसतं ते बघितलं की पुढची पेशंट कोण, हे आधीच कळतं. कोंबड्यांच्या जागा ठरलेल्या असतात, आमच्या एसटीतल्या खिडकीसारख्या.

बहुतेक घरांत मूळ एका म्हाताऱ्या पक्ष्यात सापडतं. शेजारच्या काकींकडे तो राखणीचा कोंबडा होता. राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला ठेवलेला, त्यामुळे विकायचा नाही, कापायचा नाही, दिवस येईपर्यंत सांभाळायचा. त्या वर्षी काही ना काही अडचण येऊन राखण राहिली, आणि कोंबडा दोन वर्षं दांडीच्या मधोमध बसून डावीकडे-उजवीकडे खरूज वाटत राहिला. काकी दरवेळी लंगडणारी तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, माझ्याकडे घेऊन यायच्या. कोंबड्याचे पाय बघूया म्हटलं तर म्हणाल्या, "तेका काय एक झाला नाय गो, तो बरो आसा." बरा होताच तो, लंगडत नव्हता. पण मागच्या बोटापासून आरेपर्यंत, म्हणजे पायामागच्या टोकदार काट्यापर्यंत, खपली अशी चढली होती की आर कुठे सुरू होते तेच दिसत नव्हतं.

पायांवर पिसं असलेल्या जाती, म्हणजे ब्रह्मा, कोचीन, सिल्की पाळत असाल तर टॉर्चवर भागणार नाही. पिसं बोटांनी बाजूला करून एकेक पाय बघावा लागतो. दिसायला राजेशाही, पण किड्याला आयती गोधडी. विलायतेतल्या शायर, क्लाइड्सडेल घोड्यांच्या खुरांवर लांब केसांचे झुपके असतात, त्यांनाही अशीच पायातल्या किड्याची कटकट असते. तिथला किडा मात्र वेगळा, कातडीच्या वर राहणारा. आपला बोगद्यात राहतो, म्हणून वरवर एकदा धुऊन आपलं काम होत नाही.

पांढरं फडकं

रात्रीच आणखी एक काम उरकून घ्या. जुन्या धोतराचा पांढरा तुकडा दांडीच्या खालच्या बाजूने आणि खुराड्याच्या फटींतून घासून काढा. फडक्यावर तांबडे डाग उठले तर तुमच्याकडे रक्त पिणारे तांबडे किडे किंवा गोचीड आहेत. त्यांचं बिऱ्हाड लाकडात असतं. रात्री येऊन रक्त पितात आणि पहाटे फटीत जातात. तिथे पायाला तेल लावून उपयोग नाही, खुराड्यावर उपाय करावा लागतो. पायाच्या खरजेचं उलट आहे. तिचं घर कोंबडीच्या अंगावर असतं, खुराडं फक्त वाटेतला थांबा. दोन्ही एकदम असतील तर दोन्ही कामं करा, पण कोणतं कशासाठी ते डोक्यात वेगळं ठेवा.

धुणं आणि तेल, पण अठ्ठावीस दिवस

आता प्रत्यक्ष उपचार. खर्च फारसा नाही.

कोंबडी आदल्या रात्रीच दांडीवरून उचलून डालग्याखाली ठेवा आणि सकाळी ऊन वर आल्यावर धुवा. संध्याकाळी धुऊन ओल्या पायांनी रात्री बसवू नका, विशेषतः पावसात. जुन्या टॉवेलात पंख आवळून गुंडाळा आणि डोकं झाका. अंधार झाला की ती शांत होते. पाय तेवढे बाहेर. बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपराने बघतो तेवढंच कोमट पाणी, त्यात अंगाचा साबण थोडासा. दहा मिनिटं पाय बुडवून धरा. घाई केली की सगळं फुकट, कारण खपली भिजून मऊ झाल्याशिवाय सुटत नाही.

मग जुना, मऊ पडलेला टूथब्रश. वरून खाली, खवल्यांच्या दिशेने, हळूहळू. जे आपोआप सुटेल तेवढंच काढायचं. नखाने खपली उपटली की खालचा खवलाही येतो, रक्त येतं, बाकीच्या कोंबड्या लाल दिसलं की टोचायला धावतात आणि खरजेवर जखम चढते. माझ्या पहिल्या कोंबडीचं मी हेच केलं. तिच्या डाव्या पायाचं मधलं बोट शेवटपर्यंत वाकडं राहिलं.

फडक्याने कोरडं करा आणि व्हॅसलीन किंवा खोबरेल नीट जिरवून लावा, प्रत्येक खवल्याच्या कडेखाली जाईल असं. तेलाने किड्याचा श्वास कोंडतो आणि खपलीही मऊ राहते. थंडीत खोबरेल थिजतं, तेव्हा व्हॅसलीन बरं. घोट्याच्या वर, पिसांना लावू नका. तेलकट पिसांनी कोंबडीला ऊब धरता येत नाही.

दर आठवड्याला धुणं, दर चौथ्या दिवशी तेल, आणि हे चार आठवडे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करून ठेवा. दहाव्या-बाराव्या दिवशी पाय बरा दिसायला लागतो आणि तिथेच सगळे थांबतात. पण वरची पिढी मेली तरी खालची पिल्लं अजून वाढत असतात. तीन आठवड्यांची पिढी, म्हणून चार आठवडे उपचार. पाय कसा दिसतो ह्यावर जाऊ नका, तारीख बघा.

आणि हे फक्त लंगडणारीला नाही, सगळ्यांना. ज्यांचे पाय साफ आहेत त्यांना धुवायची गरज नाही, पण तेल सगळ्यांना.

अठ्ठावीस दिवसांनी पाय तुकतुकीत होणार नाही, हेही सांगून ठेवते. एकदा उचकटलेला खवला परत चिकटत नाही. कोंबडी पिसं झाडते त्या सुमाराला जुने खवले गळून नवे येतात, त्याला कित्येक महिने जातात. नवी भुकटी दिसत नाही, खपली वाढत नाही, कोंबडी पाय झटकत नाही, एवढं झालं की जिंकलात.

दांडी बदला

गळून पडलेल्या खपल्यांत किडा काही दिवस तग धरतो. म्हणून उपचाराच्या पहिल्याच दिवशी खुराडं खरवडून काढा, भुसा-पेंढा जाळा, जमिनीवर राख पसरा. दांडी बांबूची असेल तर धूत बसू नका. जुनी चुलीत घाला, नवी तोडून आणा. आमच्याकडे बांबूला कोण पैसे मोजतो? लाकडी पक्की दांडी असेल तर खरवडून, उकळतं पाणी ओतून, दिवसभर उन्हात टाका आणि सांधे चुन्याने भरा. बसायची दांडी गुळगुळीत हवी. खरबरीत दांडीवर पाय सोलवटतात आणि किड्याला आत शिरायला वाट मिळते.

खुडूक कोंबडी

हिच्याकडे फार कमी लोक बघतात. अंड्यांवर बसवायच्या आधी तिचे पाय तपासा, नंतर नाही. एकवीस दिवस ती हलत नाही, पुढे कित्येक आठवडे पिल्लं तिच्या पायांत आणि पोटाखाली. आईला खरूज असेल तर अख्खी वीण आजारी निघते, आणि ते कळतं पिल्लं मोठी होऊन तलंगा झाल्यावर.

बसलेली असताना कळलं तर? तेल लावू नका. तेलकट पाय अंड्यांना लागले की कवचाची छिद्रं बुजतात आणि आतला जीव गुदमरतो. मी अशी नऊ अंडी घालवली आहेत. पिल्लं बाहेर पडेपर्यंत थांबा, मग आईचे उपचार सुरू करा. किंवा आधीच कळलं असेल तर अंडी दुसऱ्या खुडूक कोंबडीखाली सरकवा.

बाजारातून आणलेली नवी कोंबडी, मग ती गावरान असो, गिरिराज असो की वनराज, निदान महिनाभर वेगळ्या डालग्यात. पाय साफ दिसले तरी. आत बोगद्यात काय चाललंय ते बाजारात उभ्याने दिसत नाही.

गंधक

चार आठवडे प्रामाणिकपणे करूनही भुकटी येत राहिली, तर औषधांच्या दुकानातलं गंधकाचं मलम. किंवा शुद्ध गंधकाची पूड एक भाग, खोबरेल नऊ भाग, घोटून. आठवड्यातून दोनदा, तेलाच्या जागी. आधी एका पायावर थोडं लावून दुसऱ्या दिवशी बघा. कातडी लाल झाली तर बंद. फुटलेल्या, रक्ताळलेल्या पायाला गंधक नाही. डोळ्यांपासून लांब, आणि वाळेपर्यंत कोंबडी बांधून ठेवा, नाहीतर चोचीने खाते.

रॉकेल, डिझेल, गाडीचं जळकं ऑईल ह्यांच्याबद्दल वाडीत कुणी ना कुणी सांगणारच. किडा मरतो, खोटं नाही. कातडीही भाजते, आणि पाय झटकून ते पोटाच्या पिसांवर उडतं. काजूवर फवारायच्या औषधात पाय बुडवणारेही मी पाहिलेत. ती कोंबडी संध्याकाळ बघत नाही. गुरांच्या गोचिडांचं औषधही अंदाजाने लावू नका.

इथे थांबा आणि डॉक्टरांना बोलवा

इंजेक्शनचं औषध, म्हणजे आयव्हरमेक्टिन, ह्या किड्यावर चालतं. दुकानात मिळतंही. तरी स्वतः देऊ नका. हिशेब बघा: सर्वसाधारण मात्रा किलोला ०.२ मिलीग्रॅम. दीड किलोच्या कोंबडीला ०.३ मिलीग्रॅम. एक टक्क्याच्या औषधात हे बसतं ०.०३ मिलीत. दोन मिलीच्या सिरिंजवरची सर्वांत लहान रेघ ०.१ मिलीची असते. म्हणजे पहिल्या रेघेपर्यंत औषध भरलं तरी तिप्पट मात्रा गेली. डॉक्टर पातळ करून किंवा थेंबाने देतात, पुन्हा केव्हा द्यायचं ते सांगतात. अंडी आणि मांस किती दिवस खायचं नाही ते त्यांच्याकडून तारखेसह लिहून घ्या.

काकींच्या कोंबड्याला शेवटी तेच करावं लागलं, खपली तेलाच्या पलीकडे गेली होती. डॉक्टरांनी तारीख दिली ती राखणीच्या नंतरची. घरात दोन दिवस चर्चा झाली. अखेर काकांनी राखण पुढे ढकलली आणि देवापुढच्या गाऱ्हाण्यात सरळ सांगून टाकलं की कोंबड्याचं औषध चालू आहे, तेव्हा महिनाभर कळ काढावी. मागे उभे असलेले सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

ह्याशिवाय पुढचं काही दिसलं तर घरचे उपाय बंद: कोंबडी पाय टेकतच नाही. बोट काळं, थंड पडलंय. खपलीखालून पू येतो किंवा वास मारतो. कोंबडी खात नाही, छातीचं हाड हाताला धारदार लागतं. किंवा चार आठवडे तेल, चार आठवडे गंधक झालं आणि फरक नाही, कारण मग कदाचित ही खरूजच नाही आणि कातडीची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवी. बोट कापणं, सुईने टोचणं, गरम सळी लावणं, ह्यातलं काही घरी करायचं नाही.

आणि एक-दोन दिवसांत पटापट कोंबड्या मरायला लागल्या, तर पाय, खरूज सगळं विसरा. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, उरलेल्या विकू नका, शेजारी वाटू नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. बर्ड फ्लू आपल्याकडे २००६ साली नवापूरला येऊन गेलाय, ती गोष्ट काही लांबच्या देशातली नाही.

जवळ दवाखाना नसेल तर पशुधनासाठीचा १९६२ हा नंबर लावा. एकूण किती पक्षी, किती जणांना झालंय, कधीपासून, आतापर्यंत पायाला काय काय लावलं, हे आधीच कागदावर लिहून ठेवा. रॉकेल लावलं असेल तर तेही सांगा, लाजू नका. पायाचा फोटो उन्हात काढा, धुतल्यानंतर, आणि शेजारी एखाद्या साफ पायाच्या कोंबडीचाही.